खोळंब्याचे दिवस

सकाळी हॉस्पिटलमधून रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात पोचले तेव्हा माझ्या टेबलावर काया टोस्टची कागदी पिशवी ठेवलेली होती. पिशवीचा तळ लोण्याने पारदर्शक झाला होता. शेजारच्या टेबलावरची ह्वी मिन खुर्चीसकट वळली. "एव्हरीबडी से येस," ती म्हणाली. "फर्स्ट टाइम, नो फाइट. सो ब्रेकफास्ट ऑन मी लाह." तिने आपला स्क्रीन माझ्याकडे फिरवला. आखातातून निघालेलं एक टँकर जहाज, सिंगापूरच्या जुरोंग बेटावरच्या धक्क्याची तारीख पुढे गेल्यामुळे, वेग कमी करून येणार होतं. जहाजाचे मालक, जहाज भाड्याने घेतलेली कंपनी, ज्यांचा माल होता ते कारखानदार आणि धक्का चालवणारे, सगळ्यांनी एकाच सकाळी हो म्हटलं होतं. मी अजून पोचले नव्हते म्हणून आमच्या ऑफिसची संमती ह्वी मिननेच देऊन टाकली होती. न जळणारं तेल, हवेत न जाणारा कार्बन, त्यातला ज्याचा त्याचा वाटा, सगळं हिरव्या रंगात झळकत होतं. मी टोस्टचा घास घेतला आणि मग जहाजाचं नाव वाचलं. कॅलिस्टा. घास तोंडात तसाच राहिला, गोड, नारळाचा, आणि तो गिळण्यासाठी काय करावं लागतं ते मला क्षणभर आठवेना. कॅलिस्टावर माझा धाकटा भाऊ सौमित्र सेकंड इंजिनिअर होता, आणि हॉस्पिटलात बाबा त्याची वाट बघत होते. आठवडाभर काढतील, असं डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते. ते फार सौम्यपणे म्हणाले होते, जणू आठवडा ही एखादी पुरेशी मोठी गोष्ट आहे.

माझं काम समजावून सांगायला सोपं आणि लोकांच्या गळी उतरवायला अवघड आहे. जहाजं समुद्रावर जीव तोडून धावतात आणि बंदराबाहेर येऊन नांगर टाकून पडून राहतात. धावतात, कारण पोचल्याशिवाय रांगेत नंबर लागत नाही. पडून राहतात, कारण धक्का रिकामा नसतो. तो रिकामा नसणार हे कुणाला तरी आधीपासून ठाऊक असतं, पण तो बोलत नाही. धक्केवाले उद्याची तारीख देतात, कारण खरी तारीख सांगितली तर जहाज दुसरीकडे जाईल. भाड्याने घेणारे घाई करा म्हणतात, कारण उशीर झाला तर दोष त्यांच्यावर येईल. मालक कॅप्टनकडे बोट दाखवतो, आणि कॅप्टन म्हणतो, मला कशाला विचारता, मी चालवतोय. या सगळ्या अविश्वासाचा धूर होतो आणि वर जातो. आमचं छोटंसं ऑफिस या लोकांना एका टेबलाशी बसवतं. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेली खरी गोष्ट इतरांना दाखवायची, आणि ठरलेल्यात बदल करायचा तर सगळ्यांच्या संमतीने करायचा, एवढीच अट. मग जहाजाचा नंबर राखून ठेवला जातो आणि ते संथपणे येतं, धक्का मोकळा होईल त्या सुमाराला. ही अट मान्य करून घ्यायला माझी उमेदीची वर्षं गेली. मी तिच्यावर मनापासून विश्वास ठेवला. अजूनही ठेवते. तो उडाला असता तर पुढचं सगळं सांगणं मला सोपं गेलं असतं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून जुना क्लिफर्ड पिअर दिसतो. तिथे आता एका हॉटेलचं रेस्तराँ आहे. मी लहान असताना तिथून लाँच सुटायच्या. बाबा चीफ इंजिनिअर होते. ते सिंगापूरच्या कंपनीत लागल्यावर आई आम्हाला घेऊन मुंबईहून इथे तोआ पायोहला आली, आणि तिच्या लवकरच लक्षात आलं की जहाज धक्क्याला लागतं तेव्हा नवरा मिळत नाही. धक्क्यावर इंजिन उघडायचं असतं, तपासनीस येतात, सुटे भाग येतात, तेल भरायचं असतं. बाबा घरी यायचे ते डिझेलच्या वासासकट झोपायला, आणि आम्ही शाळेतून येईपर्यंत परत गेलेले असायचे. ते भेटायचे जहाज बाहेर नांगरावर थांबलेलं असताना. तेव्हा इंजिन बंद असायचं आणि बाबांना वेळ असायचा. कंपनीच्या लाँचमधून अधिकाऱ्यांच्या घरच्यांना जाऊ देत. जहाजाच्या बाजूला सोडलेली शिडी चढता यावी म्हणून आई लाँचमध्ये साडीवरून बाबांचा जुना बॉयलरसूट चढवायची. साडीचा घोळ आत कोंबल्यामुळे ती एकदम लठ्ठ दिसायची, आणि वर पोचल्यावर बाबा म्हणायचे, "या, फिटर आले." दर वेळी तेच म्हणायचे, आणि दर वेळी ती हसायची. सौमित्र पहिली पावलं टाकायला शिकला तो नांगरावरच्या जहाजाच्या बोळात, दोन्ही हातांनी दोन्ही भिंती धरून. घरी आल्यावर रुंद खोलीत त्याला चालता येईना. आई कंपनीच्या एजंटला फोन करायची. "किती दिवस खोळंबा?" एवढं एकच विचारायची. तो जितके जास्त दिवस सांगेल तितका तिचा आवाज तरुण व्हायचा. देवाजवळ उभी राहून धक्का रिकामा होऊ देऊ नकोस अशी प्रार्थना करणारी दुसरी बाई या बेटावर असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात खोळंबा हा चांगला शब्द होता. पुढे शिकले, या क्षेत्रात आले, आणि नांगरावर फुकट जाणाऱ्या दिवसांचे आलेख काढू लागले. ते दिवस कमी कसे करता येतील यावर मी भाषणं दिली आहेत. आईचा बॉयलरसूट आणि तो आलेख माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहत होते आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. त्या सकाळी, तोंडात घास घेऊन, झाली.

दुपारी हॉस्पिटलात गेले तेव्हा बाबा जागे होते. त्यांच्या पलंगाला टेकून बसायचं आणि फोनवर जहाजाचा ठिपका त्यांना दाखवायचा, हा आमचा रोजचा क्रम होता. हातांची साल सुटल्यासारखी झाली होती, पण ठिपक्याशेजारचा वेगाचा आकडा ते चष्म्याशिवाय वाचायचे. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा वाचला.

"नऊ?" ते म्हणाले. "मेन इंजिनला काय झालं?"

"काही नाही झालं. मुद्दाम हळू येतंय. धक्का रिकामा नाहीये."

"मग काय झालं? येऊन नांगर टाकायचा."

"आता तसं करत नाहीत, बाबा."

"का?"

"तेल फुकट जळतं."

बाबांनी विचार केला. विचार करताना त्यांचा चेहरा पुन्हा चीफ इंजिनिअरचा झाला, आजारी माणसाचा राहिला नाही. "ते जळायचंच," ते म्हणाले. "गाढवासारखे धावत यायचो आणि म्हशीसारखे पडून राहायचो." त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, मी पाणी दिलं. मग म्हणाले, "हे तुझ्याच ऑफिसचं ना?"

"हो."

"सगळे कबूल होतात?"

"होतात."

"मालकसुद्धा?"

"मालकसुद्धा."

"कमाल आहे. आमच्या वेळी दोन कंपन्यांची माणसं एका टेबलाशी चहा प्यायची नाहीत." मग त्यांनी किती तेल वाचतं ते विचारलं. मी सांगितलं. "बरंच की," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून पडले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे एसी होते, नुसते एसी, ओळीने. बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपले, तेव्हा ते म्हणाले, "सुलभाला नसतं आवडलं." आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि तिचं नाव ते क्वचितच घ्यायचे. मग जहाजावर नव्या आलेल्या पोराचं काम तपासून झाल्यावर म्हणतात तसं, सभ्यपणे ते म्हणाले, "मला आवडलं. चांगलं काम आहे." तो सभ्यपणा मला सहन होईना. ते रागावले असते, माझ्या मुलाला आण म्हणाले असते, तर मी धावत बाहेर गेले असते. त्यांनी माझ्या कामाचा मान राखला, आणि मी तिथेच त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत बसले. पाय गार होते.

बाहेर येऊन मी संग्रामला फोन लावला. मालकांच्या वतीने कॅलिस्टाचा कारभार त्याच्या ऑफिसकडे होता. कोल्हापूरचा, ऐन पंचविशीत बाबांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून जहाजावर होता.

"मॅडम, तुम्ही सांगायचा अवकाश," तो म्हणाला. "कॅप्टनला आत्ता फोन करतो. सरांसाठी? अहो, सरांनी माझ्या कानफटात दिलीय. ड्युटीवर झोपलो होतो. तेव्हापासून घरीसुद्धा दुपारी झोप लागत नाही मला."

"मग करता?"

"करतो. पण तुमच्याच कराराने बांधलोय ना मी. मी एकट्याने वेग वाढवला तर उद्या भाड्यावाला विचारणार, कुणाला विचारून? तुम्हीच शिकवलंत मॅडम आम्हाला, एकट्याने काही करायचं नाही म्हणून. बाकीच्यांचं हो आलं की झालं. माझं हो धरून चाला."

मी सगळ्यांना लिहिलं. खरं ते लिहिलं, कारण तीच अट होती: जहाजावरच्या एका अधिकाऱ्याचे वडील, जे माझेही वडील आहेत, अखेरच्या आजारात आहेत, जहाजाला पूर्वीच्या वेगाने येऊन नांगरावर थांबू द्यावं, म्हणजे त्याला लाँचने किनाऱ्यावर येता येईल. एकाच वाक्यात दोन नाती आली होती आणि दोन्हींपैकी कुठलंही काढता येत नव्हतं. मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांना संमती मागायला शिकवलं, स्वतःसाठी मागताना भाषा जड झाली. उत्तरं लवकर आली आणि सगळी चांगली होती. भाड्याने घेणाऱ्यांनी लिहिलं, अर्थातच, कुटुंब आधी. फक्त या फेरीत वाचलेला कार्बन मालवाल्यांच्या खात्यात धरला गेलाय, तेव्हा त्यांचं हो घ्यावं. धक्केवाल्यांनी लिहिलं, आमची हरकत नाही, नंबरही राखू, मालवाल्यांनी नवी तारीख मान्य केली की कळवा. मालवाल्यांचं हे काम बघणारी बाई युरोपात होती. शुक्रवार होता आणि ती रजेवर होती. तिच्याकडून आपोआप जाणारं उत्तर आलं की ती सोमवारी भेटेल. तिचा फोन मी लावून पाहिला. तो तिच्या ऑफिसात, रिकाम्या खोलीत कुठेतरी वाजत राहिला, आणि ती खोली मला स्पष्ट दिसू लागली, खिडकीतलं झाड, उलटा ठेवलेला कप. कुणी नाही म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. भांडायला मला येतं. पण आम्ही मेहनतीने अशी एक गोष्ट उभी केली होती की तिच्यात नाही म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

शनिवारभर मी बाबांजवळ होते. ते बोलत होते, पण वाक्यं एका वेळेतून सुटून दुसऱ्या वेळेत अडकत होती. मध्येच त्यांनी कुणाला तरी वाफ कमी करायला सांगितलं. नर्सला त्यांनी हिंदीत विचारलं की तुमचं गाव कोणतं. ती तमीळ होती, इथेच हौगांगला जन्मलेली, तिने हसून इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली, जणू हौगांग त्यांना कोकणातलं एखादं गाव वाटलं असावं. ठिपका त्यांनी मागितला नाही. मी तो एकटी बघत होते. श्रीलंका मागे टाकून तो मोकळ्या पाण्यात आला होता आणि इतका सावकाश सरकत होता की सरकतोय हे कळायला फोन बाजूला ठेवून परत उचलावा लागे. सौमित्रचे निरोप येत होते. जहाजावर आता इंटरनेट असतं. आमच्या लहानपणी महिनोन्महिने काही कळत नसे. "ताई, बाबांना सांग मी रोज देवापुढे त्यांच्यासाठी उदबत्ती लावतो, आणि रोज फायर अलार्म वाजतो." मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, किंवा मला तसं दिसलं. माणूस जात असताना आपण त्याच्या चेहऱ्यावर काय काय वाचतो, आणि त्यातलं काही तिथे असतं का, हे विचारायला नंतर कुणी नसतं. मला वाटत राहिलं की ते वाट बघताहेत. कदाचित ते नुसता श्वास घेत होते. श्वास घेणं आणि वाट बघणं बाहेरून सारखंच दिसतं.

रविवारी दुपारी बाबा गेले. डॉक्टरांनी दिलेला आठवडा कुठेच भरला नव्हता. मी त्यांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट बघत होते, उद्या दाढी करून द्यायला हवी असं मनात म्हणत होते, आणि पुढचा श्वास आला नाही. खोलीत काहीच बदललं नाही. बाहेर कुणाची तरी जेवणाची ट्रॉली चालली होती, तिचं एक चाक अडखळत होतं. मी त्या चाकाचा आवाज पार टोकापर्यंत जाऊ दिला आणि मग घंटी दाबली. नंतर, पुष्कळ नंतर, मी हिशेब केला: शुक्रवारी त्याच तासाला सगळ्यांचं हो आलं असतं, जहाज पूर्ण वेगाने सुटलं असतं, तरी सौमित्र रविवारी पोचला नसता. हे मी कुणाला सांगत नाही. त्याने सगळेच दोषातून मोकळे होतात.

अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारलं, दहनासाठी मंडाईच्या क्रेमेटोरियममध्ये वेळ कधीची घ्यायची. शव दोन-तीन दिवस नीट राखता येईल, मुलगा यायचा असेल तर. तो हे रोज विचारत असणार, तरी त्याने पेन हातात धरून माझी वाट बघितली. मी उद्या सांगते म्हटलं. पुण्याहून सुलेखा आत्याचा फोन आला. ती रडली, मग बाबांच्या लहानपणचं काहीतरी सांगू लागली, मग एकदम म्हणाली, "सौमित्रला कळवलंस?"

"तो वाटेत आहे, आत्या."

"म्हणजे कळवलंस."

"तू त्याला फोन करू नकोस. जहाजावर लागत नाही."

हे खोटं होतं, आणि ते इतक्या सहज आलं की मी दचकले. सोमवारी संध्याकाळी युरोपातल्या बाईचं उत्तर आलं. तिने क्षमा मागितली होती. तिचेही वडील गेल्या हिवाळ्यात वारले होते, आणि ती त्या वेळी विमानतळावर अडकली होती. आमची कसलीही हरकत नाही, असं लिहून तिने 'कसलीही' शब्द ठळक केला होता. पुढच्या दहा मिनिटांत बाकीच्यांची उत्तरं आली. हो, हो, हो. आम्ही ज्या सहकार्याचं चित्र भिंतीवर लावून ठेवलं होतं, एकमेकांच्या हातात हात घातलेल्या माणसांचं, ते पहिल्यांदा खरोखर घडलं होतं. मला फक्त एक ओळ लिहायची होती: आभारी आहे, आता गरज उरली नाही. जहाज तसंच सावकाश आलं असतं, तेल वाचलं असतं, आणि मी ज्या अटीवर जगले ती पाळली गेली असती. सौमित्र अग्नी देऊन झाल्यावर पोचला असता. किंवा मी दुसरं पत्र लिहू शकत होते, की वडील वारले, आता मुलाला अंत्यविधीसाठी येऊ द्या. त्यालाही सगळे हो म्हणाले असते. पुन्हा एकेक करून, पुन्हा एकमेकांकडे बघत. मला आणखी एकदा विचारायची ताकद नव्हती. मी मनाशी असं म्हणाले. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला मी अजून नीट हात लावलेला नाही. मला एक जहाज धावत यायला हवं होतं. कारणाशिवाय, हिशेबाशिवाय, आमच्या दारात येऊन धापा टाकत थांबायला हवं होतं. तेवढ्यात संग्रामचा फोन आला.

"आलं ना सगळ्यांचं! कॅप्टनशी बोलतोय मी, दुसऱ्या लाइनवर आहे तो. सर कसे आहेत?"

मी अंत्यविधीच्या कंपनीच्या लांब पत्र्याच्या शेडमध्ये उभी होते. पलीकडे पडदा होता आणि पडद्यामागे बाबा होते. धुपाचा वास आणि त्याखाली दुसरा, औषधी, थंड वास.

"तसेच आहेत," मी म्हणाले.

"धरून ठेवा म्हणावं त्यांना. पळवतो जहाज."

मग ठिपका धावू लागला. मी घरी, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये, बाबांच्या खुर्चीत बसून तो बघत होते. नऊ, अकरा, तेरा. समुद्राच्या निळ्या कागदावर तो आता नजरेला कळेल इतका सरकत होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरला. मला त्या प्रत्येक सरकण्यातलं तेल माहीत होतं, त्याचा धूर माहीत होता, तो कुणाच्या नावावर लिहिला जाणार ते माहीत होतं. तो धूर हवेत राहील, मी मेल्यावरही राहील. ह्वी मिनलाही मी काही सांगितलं नव्हतं, फक्त रजा टाकली होती. तिचा निरोप आला: "शी इज फ्लाइंग! टेल अंकल, अ‍ॅड ऑइल!" धीर द्यायला इथे असंच म्हणतात. सौमित्रने विचारलं, बाबा काही खातात का? मी लिहिलं, झोपलेत. त्याने विचारलं, वेदना आहेत का? मी लिहिलं, नाहीत. त्याने लिहिलं, चीफ स्वतः खाली येऊन उभे आहेत, कुक रोज शिरा करतोय, सगळे जण बाबांचं नाव विचारतात. मी बाबांचं नाव लिहून पाठवलं. रवींद्र. खोटं बोलणाऱ्या माणसांना जे जमतं त्याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं. ते काही विशेष नसतं, हे मला बाबांच्या खुर्चीत कळलं. मी ठिपक्यावरून अंदाज काढला आणि मंडाईची वेळ बुधवार दुपारची घेतली.

बुधवारी सकाळी मी वेस्ट कोस्ट पिअरवर उभी होते. पाणी तेलकट हिरवं होतं. दूर, धुरकट उन्हात, जहाजं थांबलेली दिसत होती, आणि त्यांतलं एक कॅलिस्टा होतं, पण कोणतं ते ओळखू येत नव्हतं. इथून सांगायचं, त्याने लाँचमधून पाय बाहेर टाकल्याबरोबर, असं मी ठरवलं होतं. वाक्य तयार केलं होतं. लाँच आली. आधी दोन फिलिपिनो खलाशी उतरले, त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसून मान झुकवली. त्यांनाही माहीत होतं मी कोण, कशासाठी आलेय. मग सौमित्र. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती, गालावर ब्लेडची ताजी चीर होती. इमिग्रेशनच्या दारातून बाहेर येताच त्याने मला उचललंच.

"ताई! काय धावलोय गं आम्ही! चीफ म्हणाले, पाच वर्षांत या इंजिनाला कुणी एवढं पळवलं नव्हतं. चल, चल, टॅक्सी कुठे आहे? तू काय वाळलीयस. जागे आहेत ना या वेळेला? का गोळीने झोपतात?"

माझं तयार केलेलं वाक्य जागेवर होतं, पण त्याला उच्चार नव्हता. मी त्याची पिशवी घेतली. त्याने ती परत ओढून घेतली. "दे गं, तू काय हमाल आहेस?" टॅक्सीत बसताना तो बोलतच होता: कॅप्टनने त्याला सगळी शिफ्ट माफ केली, लाँचवाल्याने त्यांच्यासाठी दुसऱ्या जहाजाला थांबवून ठेवलं, लोक चांगले असतात ताई, तू म्हणतेस तसं, एकदा सगळे ठरवतात तेव्हा काय होतं बघ. मग त्याने खिशातून फोन काढला. "त्यांना दाखवायला काही नाही आणलं. पण हे ऐक. काल खाली इंजिनरूममध्ये जाऊन रेकॉर्ड केलं, फुल अहेडला, पूर्ण वेगात. नुसतं ऐकून ते सांगतील बघ कुठल्या सिलिंडरला काय झालंय." त्याने बटण दाबलं आणि टॅक्सीची मागची सीट इंजिनाच्या आवाजाने भरून गेली, जाड, एकसारखा, छातीत लागणारा. लहानपणी केबिनमध्ये झोपताना असा आवाज कधी ऐकला नव्हता. तेव्हा इंजिन नेहमी बंद असायचं. ड्रायव्हर म्हातारा चिनी होता. त्याने आरशात बघितलं आणि आवाजाच्या वरताण ओरडून विचारलं, "वेअर टू, मिस?"

सौमित्र माझ्याकडे बघून हसत होता. हॉस्पिटलचं नाव मी सांगेन म्हणून वाट बघत होता.

"मंडाई क्रेमेटोरियम," मी ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरने मान डोलावली, गाडी वळवली, आणि आरशातली नजर काढून घेतली. सौमित्र आणखी अर्धं वाक्य बोलला, कुठल्या तरी पंपाबद्दल, आणि मग त्याचे ओठ नुसते हलले. मी त्याचा हात धरला. तो त्याने सोडवला नाही, धरलाही नाही. फोन त्याच्या मांडीवर होता आणि इंजिन चालूच होतं.